नऊ दिवस टोपीखाली

केव्हिन गेल्याचं मला सुनेनं सांगितलं, तेही सकाळी डबे भरता भरता. "बाबा, ते केव्हिन अंकल काल गेले. ज्युलीचा मेसेज आलाय." मेसेज आदल्या संध्याकाळीच आला होता. माझ्या मुलानं, संजयनं, तो वाचला होता आणि बाबांना सकाळी सांगू, उगीच त्यांची झोप उडेल, असं दोघांनी मिळून ठरवलं होतं. माझ्या झोपेची काळजी. चाळीस वर्षं मी सांगलीच्या हळदीच्या पेठेत हमाली केली, पोत्यांच्या थप्पीवर झोपलो, आणि आता माझ्या झोपेचं हे दोघं ठरवणार. चहा संपवला, कप विसळला आणि गॅरेजमध्ये जाऊन बसलो. तिथं दोन घडीच्या खुर्च्या आहेत. एक माझी आणि एक त्याची…

त्याला आता सात आठवडे झाले. मी चौथी शिकलेला माणूस आहे. पेपरला लिहिण्याची माझी ही पहिलीच वेळ, आणि शेवटचीच असेल. हा कागद मी माझ्या हातानं लिहिला आणि मृणालनं, म्हणजे सुनेनं, तो टाइप केला. तिला सांगितलं, ऱ्हस्व-दीर्घ तुझं, बाकी एक शब्द हलवायचा नाही. संजयनं वाचलं आणि म्हणाला, बाबा, यातलं एक पान काढून टाका. ते पान मी काढलेलं नाही. कुठलं, ते वाचताना कळेल.

केव्हिन हा ऑस्ट्रेलियाचा मोठा खेळाडू होता. त्या लोकांचा स्वतःचा एक फुटबॉल आहे, आपल्याला माहीत असलेला नव्हे आणि अमेरिकेचाही नव्हे. क्रिकेटच्या गोल मैदानावर खेळतात, एका बाजूला अठरा गडी, लांबट लाल चामड्याचा चेंडू, अंगावर बिनबाह्यांचा बनियन आणि आखूड चड्डी. डोक्याला काही नाही, छातीला काही नाही. चेंडू हातानंही मारायचा, पायानंही मारायचा, आणि उंच आलेला चेंडू झेलायला दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा ठेवून चढायचं. तो गेल्यावर त्याच्या देशातल्या पेपरात त्याच्यावर बरंच छापून आलं. मृणालनं फोनवर वाचून दाखवलं, मराठीत करून. दुखापत झाली म्हणून या माणसानं कधी मैदान सोडलं नाही, अशी माणसं आता होत नाहीत, असं सगळ्यांनी लिहिलं होतं. तिला वाटलं मला बरं वाटेल. मी म्हणालो, "बंद कर ते."

मी इथं नोव्हायमध्ये राहतो, डेट्रॉइटच्या बाजूला. संजय गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. सहा वर्षांपूर्वी बायको गेली आणि त्यानं मला इकडं आणलं. घरं सगळी सारखी. पहिले सहा महिने मी फिरायला गेलो की परत येताना दारावरचा नंबर बघायचो. आपली मंडळी खूप आहेत, पुण्याची, मुंबईची, नागपूरची. शनिवारी कोणाकडं तरी जेवण असतं. तिथं संजय माझी ओळख करून देतो, "बाबा हळदीच्या व्यापारात होते." मी एकदा सगळ्यांसमोर म्हणालो, "व्यापारात नव्हतो. पोती उचलत होतो." मग एक काकू म्हणाल्या, "किती ग्रेट ना." त्यानंतर मी जेवणांना जाणं बंद केलं.

हमाली सुटली की मी तालमीत जायचो. तरुणपणी हुतूतू खेळलो, कबड्डी म्हणतात ती. तालुक्यात माझ्या चढाईला लोक लांबून यायचे. खेळणं सुटल्यावर तालमीतली मालिश माझ्याकडं आली, आणि हळूहळू निसटलेला खांदा बसवणं, अवघडलेली कंबर काढणं, मुका मार लागला तर लेप लावणं, हे सगळं. डॉक्टरकडं जाऊन आलेली माणसं माझ्याकडं यायची. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. होतं ते सांगतोय. अमेरिकेत आल्यावर या हातांना काही काम उरलं नाही. भांडीसुद्धा मशीन धुतं.

केव्हिन मला पहिल्यांदा दिसला तो शाळेच्या मागच्या मैदानावर. माझ्याच वयाचा, सहा फुटांचा, गुडघ्यातून वाकलेला म्हातारा एकटाच लाल चेंडू पायानं मारत होता आणि लंगडत लंगडत आणायला जात होता. एक चेंडू माझ्याकडं आला. लांबट चेंडू टप्पा पडला की कुठं जाईल सांगता येत नाही. मी वाकलो तर तो माझ्या पोटावर आपटला. तो हसला. मी हसलो नाही. मी त्याच्या चालीकडं बघत होतो. तो गुडघा धरून चालत होता, पण दुखणं गुडघ्याचं नव्हतं, खुब्यातून येत होतं. मी जवळ गेलो, त्याला काही न विचारता दोन अंगठे खुब्याच्या मागं लावले आणि दाबलं. अनोळखी माणसाच्या ढुंगणाला हात लावायचा नसतो, हे मला कळतं. पण तो ओरडला नाही, मागं सरला नाही. डोळे मिटून उभा राहिला. मग आठ-दहा पावलं चालला, वळला, आणि म्हणाला, "ब्लडी हेल, मेट."

तो आमच्याच रस्त्यावर, समोरून दुसऱ्या घरात, मुलीकडं राहत होता. ज्युली तिचं नाव, शाळेच्या ऑफिसात काम करते. दुसऱ्या दिवशी दहा वाजता तो आमच्या गॅरेजपाशी आला. दार उघडंच होतं, तरी त्यानं पत्र्यावर दोनदा मूठ मारली. त्यानंतर चार वर्षं, बर्फ असो, ऊन असो, दहा वाजता पत्र्यावर दोन मुठी. तिळाचं तेल मी कोमट करून ठेवायचो. संजयला कळलं तेव्हा तो घाबरला.

"बाबा, प्लीज. इथं असल्या गोष्टींना लायसन्स लागतं. उद्या त्यांना काही झालं तर कोर्टात सू करतील आपल्याला."

"तो काय करणार? त्याला पायरी चढवत नाही."

"ते नाही, त्यांची मुलगी करेल."

"तिची मान अवघडली तर तीही काढून देईन."

मृणालला हसू आलं. संजयला नाही आलं. तो म्हणाला, "तुम्हाला इथलं काही कळत नाही." हे तो मला आठवड्यातून दोनदा तरी सांगतो.

केव्हिनला माझं नाव कधी कळलं नाही. घरात सगळे बाबा म्हणतात म्हणून तोही बाबा म्हणायचा. माझं इंग्रजी चाळीस शब्दांचं आणि त्याचं इंग्रजी असलं की इथल्या गोऱ्यांनाही ते दोनदा विचारावं लागायचं. तरी आम्ही बोलायचो. हातानं बोलायचो, लसणीच्या पाकळ्या गडी म्हणून मांडून बोलायचो. त्याचा बाप मेंढ्यांची लोकर कातरायचा, गव्हाच्या मुलखात. हा पंधराव्या वर्षी शाळा सोडून बापाबरोबर कातरायला गेला, आणि रविवारी खेळायचा. मेलबर्नच्या एका क्लबनं उचलला. त्याचं काम मागं उभं राहायचं, गोलाच्या तोंडाशी. समोरच्यांचा सगळ्यात दांडगा गडी याच्या वाट्याला. त्यांच्या खेळात हिंमत कशाला म्हणतात हे त्यानं मला एकदा करून दाखवलं. चेंडू समोरून येऊन डोक्यावरून मागं चाललाय, आणि आपण उलटं, पाठीकडं पळत जायचं. नजर वर चेंडूवर. पाठीमागून कोण येतंय ते बघायचं नाही. बघितलं तर तो भित्रा. मला ते लगेच समजलं. सात जणांच्या अंगणात एका दमावर एकटं जाणारा माणूस आहे मी.

त्यांच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या सामन्यात, म्हणजे शेवटच्या, तो असाच उलटा पळाला आणि पाठीमागून आलेल्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. पहिल्याच भागात. बाहेर नेलं, नाकाशी कसली तरी उग्र बाटली धरली. आमच्या तालमीत कांदा फोडून नाकाशी धरायचे, तसंच. उठला आणि परत आत गेला. शेवटपर्यंत खेळला. त्याचा क्लब जिंकला. त्याला पदक मिळालं. ते पदक त्यानं मला दाखवलं होतं, एका सॉक्समध्ये गुंडाळून ठेवलेलं. पण तो सामना त्याला आठवत नव्हता. काहीच नाही. सकाळी अंडी खाल्ली ते आठवत होतं, आणि मग एकदम दुसऱ्या दिवशी आईच्या स्वयंपाकघरात बसलेला. मधलं गेलं. तो हसत सांगायचा. मीही हसायचो. मला त्यात वाईट काही दिसत नव्हतं, खरं सांगतो. मला तो माणूस फार आवडला तो त्यामुळंच. माझ्याही करंगळीचं हाड खेळताना मोडलं होतं आणि मी ते सामना संपेपर्यंत कुणाला दाखवलं नव्हतं. ती करंगळी अजून वाकडी आहे. त्यानं ती हातात धरून नीट बघितली, आणि असं मान हलवून दाखवलं की जणू पदकच बघतोय.

खेळ संपल्यावर त्याचे दिवस वाईट गेले. गुडघे गेले, दारू पीत होता, बायको थकून गेली. मग इथल्या एका कॉलेजनं बोलावलं. अमेरिकेच्या फुटबॉलमध्ये चेंडू लांब मारायला एक वेगळा गडी ठेवतात, आणि त्या मारण्यात ऑस्ट्रेलियाची माणसं तरबेज. याला पोरांना शिकवायला ठेवलं. काही वर्षं बरी गेली. मग त्यांना कॅमेरे लावून शिकवणारा कुणी तरुण मिळाला, आणि याला एक कप देऊन निरोप दिला. कप म्हणजे चहाचा. त्यावर कॉलेजचं चित्र होतं. तो आमच्या गॅरेजमध्ये तेलाचा चमचा ठेवायला आणून दिला होता त्यानं. अजून तिथंच आहे.

आता ते पान.

तो मागच्या उन्हाळ्यापासून दोनदा पडला होता. एकदा न्हाणीघरात, एकदा जिन्यात. ज्युलीनं त्याला सांगितलं होतं, आणखी एकदा पडलास तर मी तुला घरी ठेवू शकणार नाही. तासाभरावर म्हाताऱ्यांची एक जागा तिनं बघून ठेवली होती. तिचंही चुकीचं नव्हतं, ती दिवसभर कामाला. पण तो त्या जागेचं नाव निघालं की हातानं कुलूप लावल्यासारखं करून दाखवायचा. आणि मी… मी आतल्या आत म्हणायचो, हा गेला तर दहा वाजता काय करू.

फेब्रुवारीत, कचऱ्याचे डबे रस्त्याच्या कडेला ठेवायचा दिवस होता. सकाळची वेळ. पोरं कामावर गेली होती. मी गॅरेजच्या तोंडाशी उभा होतो, तो डबा ढकलत उतारावरून येत होता. खाली काचेसारखं बर्फ. डबा पुढं गेला, पाय गेले, आणि हात डब्यावर असल्यामुळं त्याला टेकता आलं नाही. सरळ पाठीमागं. कडेच्या सिमेंटवर डोकं आपटल्याचा आवाज मला इथपर्यंत आला. लहान, कोरडा आवाज होता. मी पोचेपर्यंत तो स्वतः उठून उभा राहिला होता. मला त्याचा अभिमान वाटला. हे मी लपवत नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि हात द्यायच्या आत उभा.

कानामागं सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं. त्यानं आधी ज्युलीच्या घराकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि तोंडावर बोट ठेवलं. "नॉट अ वर्ड, मेट. नॉट अ वर्ड." मी छातीवर हात ठेवला. म्हणजे शब्द दिला.

सांगलीहून येताना मी आंबेहळदीचे कंद आणि तुरटी बॅगेत घालून आणली होती. संजयनं विमानतळावर त्यावरूनही डोकं खाल्लं होतं. मी सहाणेवर आंबेहळद उगाळली, तुरटी घातली, पळीत गरम करून लेप त्याच्या कानामागं लावला. मुक्या मारावर असले शेकडो लेप मी लावलेत. त्याच्या दंडाला एक निळी लोकरी टोपी घालून कानावर ओढलेली असायची, तसली— नाही, चुकलं. मृणाल, हे खोडू नकोस, असू दे. टोपी डोक्याला असते, दंडाला नव्हे. हे पान लिहिताना माझं असंच होतं. तर निळी लोकरी टोपी त्याच्याकडं होती, ती त्यानं लेपावरून ओढून घेतली आणि घरी गेला. थंडीत टोपीबद्दल कोण विचारणार?

नऊ दिवस हे चाललं. रोज दहाला दोन मुठी, रोज नवा लेप, वर टोपी. टेंगूळ चौथ्या दिवशी उतरलं. मला वाटलं, बघ, हात अजून चालतात. तो गोळ्या घ्यायचा, वाराप्रमाणे खण असलेली डबी खिशात असायची. कशाच्या, असं मी एकदा हातानं विचारलं होतं तेव्हा त्यानं छातीवर बोट ठेवलं होतं. हृदयाच्या. एवढंच मला माहीत होतं आणि त्याहून जास्त मी विचारलं नाही.

आठव्या दिवशी त्याला बुटाची नाडी बांधता येईना. बोटं नाडीपर्यंत जायची आणि तिथं थांबायची. मी बांधून दिली. आम्ही त्याच्यावर बोललो नाही. नवव्या दिवशी तो आला तेव्हा पत्र्यावर एकच मूठ मारली. खुर्चीत बसला आणि मला ब्रायन म्हणाला. ब्रायन त्याच्या क्लबातला त्याचा जोडीदार, तो कधीच मेलाय. मी लेप लावत होतो तर तो उठला. वर गॅरेजच्या छताकडं बघायला लागला. आणि बघत बघत उलटा चालायला लागला, हात वर, एक एक पाऊल मागं, जसं त्यानं मला एकदा करून दाखवलं होतं तसंच. पण आता तो करून दाखवत नव्हता… मागं गवत कापायचं मशीन होतं. मी जाऊन पाठीमागून त्याला धरला. त्याचं अंग कापत होतं.

मी म्हणालो, "केव्हिन, डॉक्टर. हॉस्पिटल."

तो हसला. "आफ्टर द मॅच, मेट."

मला कळलं होतं. इथं मी कुणाला फसवणार नाही. तालमीत डोक्याला लागलेलं एक पोर मी असंच बघितलं होतं, त्याचंही नाडीपासून सुरू झालं होतं. मला कळलं होतं आणि मी त्याला हात धरून घरी सोडून आलो. संध्याकाळी मृणाल भाजी चिरत होती, तेव्हा मी तिच्या मागं उभा होतो. म्हणावं, की म्हणू नये. ती म्हणाली, "बाबा, काही हवंय का?" मी म्हणालो, "नाही." शब्द दिला होता. आणि शब्द मोडला असता तर तो त्या कुलपाच्या जागी गेला असता, आणि माझ्यामुळं गेला असता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. यातली कुठली जास्त खरी, ते मला अजून ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्यांच्या दारात अँब्युलन्स उभी होती.

त्याच दिवशी संध्याकाळी ज्युली आमच्याकडं आली. हॉस्पिटलमधूनच आली होती. तिच्या हातात उशीचा अभ्रा होता, त्यावर हाताएवढा पिवळा डाग. डोक्यात रक्त साकळलंय, डॉक्टर विचारतायत कधी पडला होता का, आणि हे काय आहे. ती इंग्रजीत बोलत होती आणि मृणाल मला मराठीत सांगत होती. मृणालनं डाग बघितला मात्र, आणि तिनं माझ्या बोटांकडं बघितलं. हळदीचा डाग आपल्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. मी तोंड उघडलं. तेवढ्यात संजय मराठीत म्हणाला, चेहऱ्यावर हसू तसंच ठेवून, "बाबा, एक शब्द बोलू नका. आपण अडकू."

मी म्हणालो, "गुडघ्याला हळद लावत होतो. पडल्याचं मला माहीत नाही."

मृणालनं ते तसंच्या तसं सांगितलं. ज्युलीनं अभ्रा घडी केला, थँक यू म्हणाली आणि गेली. ती गेल्यावर मृणालनं मला सगळं विचारून घेतलं. मी सांगितलं. ती खुर्चीत बसली. म्हणाली, "बाबा, ते ब्लड थिनरवर होते. रक्त पातळ करायच्या गोळ्या. अशा माणसाच्या डोक्याला साधा मार लागला तरी त्याच तासाला हॉस्पिटलला न्यायचं असतं. इथं सगळ्यांना माहीत असतं हे." मग माझ्याकडं बघून तिला वाईट वाटलं असावं. म्हणाली, "तुमच्या लेपानं काही वाईट झालं नसेल. त्यानं काही झालंच नसेल." तिला समजूत घालायची होती. चाळीस वर्षांचे हात माझे. त्यानं काही झालंच नसेल.

दोन दिवसांनी तो गेला.

त्यांच्याकडं प्रार्थनेचा एक हॉल असतो, खुर्च्या मांडलेला, तिथं सगळे जमले. संजय म्हणाला, आपण मागं बसू. कॉलेजची दोन-तीन माणसं आली होती. शवपेटीवर क्लबाचा मफलर घातला होता. आणि समोर पडद्यावर तो जुना सामना लावला. तो सामना, जो त्याला आठवत नव्हता, तो मी बघितला. निळसर, धूसर चित्र. पंचविशीतला केव्हिन नजर वर लावून उलटा पळतोय, पाठीमागून एक जण हवेत येतो, गुडघा बसतो आणि हा मातीत. मग माणसं धावतात, बाटली नाकाशी जाते. तो उठतो, एकदा चुकीच्या दिशेनं चालायला लागतो, कुणीतरी खांद्याला धरून त्याला वळवतं, आणि तो परत आत जातो. तिथं हॉलमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्या बायकांनीसुद्धा. माझेही हात वर आले होते, एकमेकांपासून वीतभर. आणि मला दिसलं, की त्याला खांद्याला धरून वळवणारा तो माणूस मी आहे. मी हात मांडीवर ठेवले.

त्यानंतर आठवड्यानं मी ज्युलीकडं गेलो. कुणाला सांगितलं नाही, मृणालला नेलं नाही. दहा वाजता गेलो, शनिवार होता. ती दारातच उभी राहिली. मी म्हणालो, "केव्हिन फॉल. आइस. आय सी. आय नो टेल." तिनं विचारलं, "हाउ मेनी डेज?" नऊला इंग्रजीत काय म्हणतात ते मला चांगलं येतं, पण त्या वेळी आठवेना. मी नऊ बोटं दाखवली. वाकडी करंगळी धरून नऊ.

मग तिनं आणखी एक विचारलं, सावकाश, मला कळावं म्हणून. त्यानंच तुला सांगितलं होतं का, कुणाला सांगू नको म्हणून? हो म्हणालो असतो तर ते खरं होतं, आणि माझं ओझं अर्धं झालं असतं. पण ती जागा तिनं बघून ठेवली होती. बाप आपल्याला भिऊन गप्प बसला हे तिला घेऊन झोपायला लागलं असतं. आणि मेलेल्या माणसावर ढकलणं मला कधी जमलं नाही. मी म्हणालो, "नो. मी. ओन्ली मी." तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या गॅरेजच्या कडीला प्लॅस्टिकची एक पिशवी अडकवलेली होती. आत त्याची निळी टोपी. चिठ्ठी नाही, काही नाही. टोपी धुतलेली नव्हती. आतून, कानाच्या मागं येते त्या जागी, पिवळी. ही तिनं माफी म्हणून दिली की मी विसरू नये म्हणून दिली, मला माहीत नाही. त्यानंतर ती रस्त्यात दोनदा दिसली, हात वर करून गेली. इथं सगळेच सगळ्यांना हात वर करतात. मी विचारणार नाही.

संजय म्हणतो, बाबा, ती टोपी मशीनमध्ये टाकतो, स्वच्छ होईल. मी त्याला हात लावू देत नाही. हे छापून आलं की तो माझ्याशी काही दिवस बोलणार नाही, तेही ठीक आहे. बर्फ आता गेलंय. सकाळी दहाला मी गॅरेजचं दार वर घेतो, तेल गरम करत नाही, नुसता बसतो. टोपी त्याच्या खुर्चीवर, आतली बाजू वर करून ठेवलेली असते. या दिवसांत दहाच्या सुमारास उन्हाचा पट्टा दारातून आत येतो आणि बरोबर त्या खुर्चीपर्यंत पोचतो. हळदीच्या पेठेत चाळीस वर्षं काढली मी, मला हे कुणी शिकवायला नको. हळदीचा डाग साबणानं जात नाही, उन्हात ठेवला की दोन दिवसांत उडून जातो. ऊन पुढं सरकलं, की मी उठतो आणि त्याची खुर्ची हातभर आत, सावलीत ओढतो.